मधुमेहात न जुळणारे हाड आणि मूळ पेशी

गेल्या महिन्यात पंचावन्न वर्षांच्या एक बाई मुलासोबत दवाखान्यात आल्या. गोठ्यात घसरून नडगीचे हाड मोडले, त्याला सहा महिने होऊन गेले, तरी जुळेना. मधुमेह बारा वर्षांचा. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, शहरात मूळ पेशींचे इंजेक्शन देतात म्हणे. दोन लाख सांगितलेत. दोन्ही म्हशी विकू का?"

त्याला सांगितले तेच येथे लिहितो.

हाड मोडले की तेथे रक्त साकळते, मग कूर्चा तयार होते आणि पुढे कूर्चेच्या जागी हाड येते. साखर सतत वाढलेली असेल तर कूर्चा वेळेआधीच झिजते, नव्या रक्तवाहिन्या कमी फुटतात आणि मगजातील ज्या मूळ पेशींनी हाड घडवायचे त्या चरबीकडे वळतात. गवंडीच कामावर नाही, तर भिंत उभी राहणार कशी?

मग गवंडी बाहेरून आणावेत, हा विचार चुकीचा नाही. फ्रान्समधील डॉ. फिलिप एर्निगू यांनी रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून मगज काढला आणि त्यातील पेशी दाट करून न जुळलेल्या जागी टोचल्या. त्यांच्या २०१५ च्या अहवालात घोट्याचे हाड न जुळलेल्या ८६ मधुमेहींपैकी ७० जणांचे हाड जुळले. नेहमीप्रमाणे कमरेच्या हाडाचा तुकडा लावलेल्या तितक्याच रुग्णांत ५३ जणांचे. आकडे चांगले आहेत, पण एकाच पथकाचे. जनुकोपचार तर याहून मागे आहे. हाड घडवणाऱ्या प्रथिनाचे जनुक दुबळ्या केलेल्या विषाणूमार्फत पेशीत पोचवायचे, म्हणजे पेशीच ते प्रथिन बनवील. प्राण्यांत हे साधले आहे. माणसांसाठी तो नेहमीचा उपचार झालेला नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हाडासाठी मूळ पेशी मान्यताप्राप्त चाचणीतच वापरायच्या. चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. दोन लाख मागितले, तेथेच ओळखावे.

बाईंची उपाशीपोटीची साखर २६० निघाली. प्लास्टर असताना गोळ्या बंद केल्या होत्या, का ते त्यांनाही सांगता येईना! शिवाय दिवसातून तीनदा मिश्री. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. इन्सुलिन सुरू केले आणि हाडात जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहण्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले. संसर्ग नव्हता. आता साखर १४० च्या आसपास आहे, कमरेचे हाड लावायच्या शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली आहे. म्हशी दावणीलाच आहेत. मिश्रीवरून मात्र आमचे अजून जमलेले नाही.