कूलर ‘थोडासा’ मारते

विदर्भात मे महिन्यात कोणाच्याही घरी जा आणि कूलरचं बटण लावायला हात पुढे करा, मागून आवाज येतोच, “चप्पल घालून हात लावा हो, थोडासा मारते.” सांगणाऱ्याच्या आवाजात काळजी नसते. नळ किती वाजता येतो हे सांगावं, तितक्या सहज सांगतात. बाहेर ४४-४५ अंश तापलेलं असताना कूलर बंद ठेवणं कोणाला परवडत नाही, म्हणून माणसं कूलरऐवजी स्वतःलाच दुरुस्त करून घेतात. चप्पल घालायची, ओला हात पुसायचा, बोटाच्या टोकानं बटण दाबायचं. घरातल्या सगळ्यांना हे पाठ असतं.

दीड वर्षाच्या लेकराला ते पाठ नसतं.

आमचा नातू मागच्या उन्हाळ्यात शनिवार-रविवार जोडून पुण्याहून अकोल्याला आला होता. चालायला नव्हे, थेट पळायलाच लागलेला. तयारी आम्ही पुष्कळ केली. फिनाईलची बाटली फडताळावर गेली, न्हाणीतली भरलेली बादली पालथी झाली, जिन्याच्या तोंडाशी खुर्ची आडवी पडली. सुनेनं प्लगच्या भोकांत बसवायची प्लास्टिकची झाकणं आणली होती, ती तिनं आल्या आल्या बसवली. कूलरकडे मात्र कोणाचंच लक्ष गेलं नाही. तो रोजचाच होता.

शनिवारी दुपारी रस-पोळी झाली आणि लाईट गेली. मोठी माणसं पेंगू लागली. नातवाला बंद कूलर सापडला. झडपांना तोंड लावून तो ‘आऽऽ’ करून पाहत होता, आवाज घुमला की हसत होता. टाकी जराशी गळत होती, त्यामुळे खालच्या शहाबादी फरशीवर पाणी साचलेलं. त्यात पाय आपटायची वेगळी मजा. कोणी हटकलं नाही, कारण लाईट नव्हती. पण बटण चालूच राहिलेलं होतं, आणि लाईट काही सांगून येत नाही. पंखा गरगरला, त्याच क्षणी पोरगं किंचाळलं आणि मागे पडलं.

त्याचा हात होता कूलरच्या स्टँडच्या पायाला. आम्ही इतकी वर्षं सांभाळून हात लावत होतो तो बटणाच्या पट्टीला. स्टँडच्या पायाला हात लावायचं आमच्यापैकी कोणाला कारणच पडलं नव्हतं. पत्रा, स्टँड, नटबोल्ट सगळं लोखंड एकमेकांना जोडलेलं. पत्र्यात करंट उतरला की तो खालपर्यंत उतरतो, आणि लेकराची उंची नेमकी तिथली. विजेनं स्नायू आखडतात, मूठ आवळली जाते. त्याची मूठ सुटली, एवढंच.

रडं थांबल्यावर तो खेळायला लागला, तरी त्याला लगेच डॉक्टरांकडे नेलं. तुम्हीही न्या. शॉक बसल्याची खूण वरून दिसेलच असं नाही. डॉक्टरांनी छाती ऐकली, बोटं आणि तळपाय उलटेपालटे करून भाजल्याचा डाग शोधला, रात्रभर लक्ष ठेवायला सांगितलं. आणखी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी: कोणी चिकटलेलं दिसलं तर धावत जाऊन ओढायचं नाही, आधी मेन स्विच पाडायचा. मेन स्विच कुठे आहे हे आमच्या सुनेला त्या दिवशी माहीत नव्हतं. पाहुणीला कोण दाखवतं?

रविवारी वायरमन आला. पंपाची वायर मध्येच जोडलेली, वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि तो जोड टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली. हे काम आदल्या वर्षी एका दुकानात करून घेतलेलं, तेव्हा दुकानदार म्हणाला होता, “थोडंबहुत मारतेच बाई पत्र्याचं कूलर.” खरा धक्का पुढे होता. प्लग तीन पिनांचा होता, पण वायरमननं बोर्ड उघडला आणि म्हणाला, “काकू, हे वरचं भोक नुसतं दिखाव्याचं हाये.” अर्थिंगची तार त्याला जोडलेलीच नव्हती. जुन्या घरांत हे सर्रास सापडतं. तेव्हा तीन पिना पाहून निर्धास्त होऊ नका. मागे तार आहे का आणि ती जमिनीपर्यंत पोचते का, हे जाणत्याकडून तपासून घ्या. अर्थिंगचा खड्डाही विदर्भाच्या उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो, आणि कोरडी माती करंट नीट वाहून नेत नाही. म्हणजे कूलर लागतो तेव्हाच अर्थिंग सर्वांत कमकुवत. खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायला हवं.

“एमसीबी आहे ना आमच्याकडे?” असं ह्यांनी विचारलं. एमसीबी वायरिंगला जपतो, माणसाला नाही. १६ अँपियरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपियर, आणि त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा करंट अंगातून गेला तरी जीव जाऊ शकतो. माणसासाठी लागतो तो आरसीसीबी, ३० मिलिअँपियरचा. गेलेला करंट तेवढाच परत येतोय का हे तो पाहत असतो. फरक पडला की क्षणार्धात लाईट पाडतो. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का पाहायचं. जुन्या वायरिंगवर हा सारखा पडतो म्हणून वैतागून काढून टाकणारे लोक मला माहीत आहेत. तो सहसा उगाच पडत नसतो, कुठेतरी करंट झिरपत असतो.

बाकीचं महावितरण दर उन्हाळ्यात सांगतच असतं: पाणी भरताना प्लग काढा, ओल्या हातानं हात लावू नका, लहान मुलांना लांब ठेवा. लांब ठेवा म्हणणं सोपं आहे. गार वारा जिथे, लेकरू तिथेच जाणार. म्हणून कूलर खिडकीबाहेर बसवता आला तर उत्तम, आणि लाईट गेली की सगळ्यात आधी प्लग काढायचा.

लेकरू घेऊन दुसऱ्याकडे जाणार असाल तर कूलर मारतो का, हे फोनवरच विचारा. यजमानांना राग येत नाही. उलट कौतुकानं सांगतात, थोडासाच मारते म्हणून. मग तो बंद ठेवायला सांगायचं किंवा दुसऱ्या खोलीत झोपायचं, भिडेला पडायचं नाही.

वायरमनला मात्र होळीच्या आधीच बोलवा. एप्रिल उजाडला की तो फोन उचलत नाही.