आरोग्यविम्याचे अनुदान आणि सरकारी जमाखर्च

अंदाजपत्रक म्हटले की व्यापारी प्रथम करांचे दर पाहतो. परंतु ज्या खर्चाचा संबंध आपल्या घरातील आजारपणाशी येतो, तो सरकारी वहीत कसा मांडला जातो, हेही सभासद बंधुभगिनींनी जाणून घेणे इष्ट आहे.

प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झाली. तीत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार मिळतात. गुजरातने २०२३ मध्ये ही मर्यादा १० लाखांवर नेली. २०२४ च्या ऑक्टोबरात ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, योजना खुली झाली. त्यामुळे बडोद्यातील आपल्या घरची वडीलधारी मंडळीही तीत येतात. खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के व गुजरातसारख्या राज्याचा ४० टक्के असतो.

हे अनुदान दोन वाटांनी जाते. कोठे सरकार विमा कंपनीस हप्ता देते, तर कोठे राज्याची संस्थाच रुग्णालयांची बिले भागविते. हप्त्याचा आकडा बहुतांशी आधी ठरतो. बिलांचा मात्र रुग्णांच्या संख्येप्रमाणे वाढतो.

मुख्य भेद पुढेच आहे. आपल्या पेढीवर उधारीचा गहू उतरला की पैसे दिले नसले तरी देणे त्याच दिवशी खतावणीत चढते. सरकारी हिशेब रोकडीवर चालतो. मार्चमधील शस्त्रक्रियेचे १ लाखाचे बिल एप्रिलमध्ये चुकते झाले, तर तो खर्च पुढील वर्षाचा ठरतो. उलट, खजिन्यातून संस्थेस दिलेले अनुदान त्याच दिवशी खर्ची पडते; रुग्णालयास ते पोचले की नाही, हा प्रश्न वेगळा.

२०२३-२४ साली या योजनेसाठी केंद्राने प्रथम ७,२०० कोटी रुपये धरले. सुधारित अंदाजात ते ६,८०० कोटी झाले. ही घट काटकसरीची, मागणी कमी आल्याची, की देणी पुढे गेल्याची, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

दुसरे अनुदान तर खर्चाच्या बाजूस दिसतच नाही. जुन्या करपद्धतीत स्वतःच्या व कुटुंबाच्या आरोग्यविम्याच्या हप्त्यावर २५,००० रुपयांपर्यंत, व विमेदार ज्येष्ठ नागरिक असल्यास ५०,००० पर्यंत वजावट मिळते. सरकारने सोडलेला हा कर अंदाजपत्रकाच्या जमेच्या कागदांत, करसवलतींच्या वेगळ्या विवरणात दाखविला जातो. गरिबाचा उपचार खर्च म्हणून सर्वांच्या नजरेस येतो, आपली सवलत मात्र सहसा कोणी मोजत नाही. ‘अनुदान फक्त इतरांना’ असे म्हणण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे.

म्हणून अंदाजपत्रक वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात: धरले किती, प्रत्यक्ष दिले किती, आणि द्यावयाचे राहिले किती? तिसऱ्याचे उत्तर न मिळाल्यास हिशेब अपुरा समजावा. थकलेल्या बिलांचा भार शेवटी रुग्णालयावर व रुग्णावर पडतो; धर्मादाय रुग्णालयांना दान देणाऱ्या आपल्या समाजास तो परका नाही. दुसऱ्याचे देणे वहीत उघड दाखविणे हे अचौर्यव्रताचेच अंग आहे. पेढीस लागू असलेला हा नियम राज्यासही लागू पडावा.