असाध्य आजारी बालकांची शुश्रूषा : प्रश्न मनुष्यबळाचा आणि निधीचा

वर्धा जिल्ह्याला रुग्णसेवेची थोर परंपरा लाभलेली आहे. विनोबाजींच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. पुढे सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधींनी कुष्ठपीडित परचुरेशास्त्री यांची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचा उपाय नव्हता. तरीही रुग्णाची वेदना कमी करणे आणि त्याचा सन्मान राखणे हे समाजाचे कर्तव्य होय, ही जाणीव या सेवेने दिली. आज ज्या सेवेस ‘पॅलिएटिव्ह केअर’ अर्थात उपशामक सेवा म्हणतात, तिचे मर्म हेच आहे. ती बालकांपर्यंत पोचविण्यासाठी प्रशिक्षित माणसे आणि खात्रीचा निधी कोठून आणावयाचा, हा या लेखाचा विषय आहे.

बालकांची गरज वेगळी

कर्करोग, तीव्र स्वरूपाचा सिकलसेल, थॅलॅसेमिया, मेंदूचा पक्षाघात, स्नायू क्षीण करणारे आनुवंशिक विकार, जन्मजात हृदयदोष अशा व्याधींनी ग्रस्त बालकांना या सेवेची गरज भासते. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने असल्याने या भागात प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. उपशामक सेवा ही केवळ अखेरच्या दिवसांची सेवा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार ती निदानाबरोबर सुरू व्हावयास हवी आणि मूळ रोगावरील उपचारांच्या जोडीने चालू राहावयास हवी.

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. त्याच्या औषधाची मात्रा वजनानुसार ठरवावी लागते. तान्ह्या मुलाला आपले दुखणे सांगता येत नाही. थोड्या मोठ्या मुलाकडून ते चेहऱ्यांच्या चित्रांच्या साहाय्याने समजून घ्यावे लागते. त्याचे खेळणे, शिकणे, वाढणे आजारपणातही थांबत नाही. मातेची मजुरी बुडते, भावंडांकडे दुर्लक्ष होते. त्यामुळे या सेवेत डॉक्टरांइतकेच परिचारिका, समुपदेशक व समाजसेवक यांना स्थान आहे.

मनुष्यबळाची रचना

केंद्र शासनाने २०१२ साली राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम आखला. महाराष्ट्र शासनाचे या विषयाचे धोरणही त्याच वर्षीचे आहे. केंद्रीय आराखड्यात जिल्ह्यासाठी एक डॉक्टर, चार परिचारिका आणि एक बहुउद्देशीय कर्मचारी अशी तरतूद सुचविण्यात आली. २०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाखांवर होती आणि तिचा विस्तार आठ तालुक्यांत आहे. आष्टी, कारंजापासून हिंगणघाट, समुद्रपूरपर्यंतच्या गावांत एवढ्या चमूने प्रौढ व बालके या दोहोंची सेवा करावयाची, तर तिला आधार देणारी साखळी हवी.

ही साखळी तीन पातळ्यांवर उभी राहू शकते. गावपातळीवर आशा स्वयंसेविका आणि आरोग्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी यांनी बालक ओळखावे व घरभेट द्यावी. २०१३ पासून अंमलात आलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी पथके अंगणवाड्या व शाळांपर्यंत जातात. त्यांच्या नोंदींचा येथे उपयोग होईल. दुसऱ्या पातळीवर, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतील डॉक्टर आणि परिचारिका यांना अल्पकालीन प्रशिक्षण द्यावे लागेल. तिसरी पातळी तज्ज्ञांची. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात या विषयाचा एम. डी. अभ्यासक्रम २०१२ साली सुरू झाला. अर्थात असे तज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला मिळणे कठीण आहे. मात्र सेवाग्राम येथे १९६९ पासून व सावंगी येथे १९९० पासून वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील बालरोग विभागांनी दूरध्वनीवरून सल्ला देण्याची जबाबदारी घेतल्यास खेड्यातील परिचारिका एकाकी पडणार नाही.

वेदनाशमनासाठी मॉर्फीनचा पुरवठाही आवश्यक आहे. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना हे औषध मिळविण्याची पद्धत सुलभ केली. परंतु औषध हाताळणारा प्रशिक्षित डॉक्टर नसेल, तर या सवलतीचा लाभ रुग्णाला मिळत नाही.

निधीचा प्रश्न

या सेवेचा मोठा खर्च यंत्रसामग्रीवर नव्हे, तर वेतन व प्रवास यांवर होतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून केंद्र व राज्य ६० : ४० या प्रमाणात भार उचलतात आणि वार्षिक आराखड्यात मागणी नोंदविल्यासच निधी मिळतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. परिचारिकेच्या घरभेटीचा खर्च निराळाच उभारावा लागतो.

महाराष्ट्रात २०१० साली बालकांच्या उपशामक सेवेचा प्रकल्प ब्रिटिश साहाय्याने सुरू झाला. जव्हारचे कुटीर रुग्णालय हे त्याचे एक केंद्र होते. आदिवासी भागातही ही सेवा देता येते, हे त्यातून दिसून आले. तथापि, अनुदानाला मुदत असते आणि बालकाच्या आजाराला ती नसते. अनुदान संपताच परिचारिकेचे पद संपले, तर कुटुंब पुन्हा निराधार होते. म्हणून पदे शासकीय आस्थापनेत असणे इष्ट होय. केरळने २००८ साली धोरण जाहीर केल्यानंतर घरभेटी देणाऱ्या परिचारिकांचा खर्च स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निधीतून भागविला.

वर्ध्यालाही लोकसहभागाचा अनुभव आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या आरोग्य विमा योजनेत ग्रामस्थांनी आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा केली. सुगीच्या वेळी घातलेले ते धान्य आजारपणात उपयोगी पडले. बालकांच्या सेवेत वेतनाचा भार शासनाने उचलावा. आजारी मुलाच्या घराला आहार, वाहन आणि मातेला विसावा यांसाठी ग्रामपंचायतीने व गावाने हात द्यावा, अशी विभागणी शक्य आहे.

प्रारंभ मोठ्या इमारतीने होण्याची गरज नाही. प्रत्येक तालुक्यात अशा बालकांची नोंदवही, बालसेवेचे प्रशिक्षण घेतलेली किमान एक कायम परिचारिका, मॉर्फीनचा नियमित साठा आणि वार्षिक आराखड्यात स्वतंत्र मागणी, एवढ्या चार गोष्टी प्रथम साधावयास हव्यात. बऱ्या न होणाऱ्या बालकालाही रात्रीची शांत झोप आणि दिवसाचा खेळ मिळावा, एवढी अपेक्षा बाळगण्याचा त्याच्या मातापित्यांना निश्चित अधिकार आहे.