मालगुजार, सीर आणि कूळ : दुर्ग परिसरातील भूसंबंधांची परिभाषा

भिलाईतील ‘कॅम्प-१’ या वस्तीच्या नावात गाव नाही, शिवार नाही, मालकाचा उल्लेखही नाही. पोलाद कारखान्याच्या उभारणीसाठी आलेल्या श्रमिकांच्या तात्पुरत्या निवासाची आठवण तेवढी त्यात उरली आहे. कारखान्यासंबंधीचा भारत-सोव्हिएत करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या कराराच्या जेमतेम चार वर्षे आधी, ३१ मार्च १९५१ रोजी, दुर्ग जिल्ह्यातील मालगुजारी कायद्याने संपुष्टात आली होती. जुना स्वामी कागदावरून जाणे आणि काही गावांची भूमीच कारखान्याकडे जाणे या दोन्ही घटना एका दशकातल्या होत. मोबदला कोणाला मिळणार, हे दप्तरात कोणते नाव कोणत्या शब्दापुढे लिहिले आहे यावर अवलंबून होते. म्हणून ते शब्द नीट पाहणे अगत्याचे ठरते.

‘मालगुजार’ या फारसी शब्दाचा अर्थ सारा भरणारा एवढाच आहे. त्यात स्वामित्वाची छटा नाही. भोसल्यांच्या अमलात छत्तीसगडच्या परगण्यांवर कमाविसदार असत आणि गावाचा वसूल गावटिया या ग्रामप्रमुखाकडून येई. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि पुढच्या दशकातील जमाबंदीत ब्रिटिशांनी या वसूल करणाऱ्यांनाच गावाचे मालक ठरविले. हेविटचा रायपूरचा जमाबंदी अहवाल १८६९ चा आहे. दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १९०६ साली झाला. पदाचे नाव तेच राहिले, अर्थ मात्र उलटला. सारा पोचविणारा धनी झाला आणि जमीन कसणारा त्याचे कूळ झाला.

मराठी अनुवादक ‘मालगुजार’ला सर्रास ‘जमीनदार’ म्हणतात. दुर्गपुरते तरी हे चूक आहे. डोंडी-लोहारा, गुंडरदेही यांसारख्या जमीनदाऱ्या त्याच जिल्ह्यात होत्या आणि त्यांची व्यवस्था निराळी होती. ‘खोत’ हा पर्यायही अपुरा पडतो, कारण त्या शब्दामागे कोकणचा इतिहास उभा राहतो. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहिला तो रयतवारी मुलखात. तिथे शेतकऱ्यासमोर थेट सरकार, त्याचा नोकरवर्ग आणि सावकार आहेत. त्याच वर्षी मध्य प्रांतात कुळांविषयीचा कायदा झाला, आणि त्यातला झगडा सरकार व रयत यांच्या मधे उभ्या केलेल्या मालकाशी होता. एकाच भाषेच्या वाचकाला या दोन सृष्टी एकसारख्या वाटतात, याचे कारण ‘कूळ’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. वंश, सारा देणारा, सावकाराचा ऋणको असे सगळे अर्थ तो सहज वाहतो. त्यामुळे हक्कांमधले भेद त्याखाली दडतात.

हे भेद लहान नव्हते. मौरूसी कुळाला जमिनीवरून सहज काढता येत नसे. साध्या कुळाचा हक्क कमकुवत होता, पण १९२० च्या कायद्याने तोही मौरूसीच्या पातळीवर आला. अपवाद राहिला तो सीर जमिनीचा. सीर म्हणजे मालगुजाराची घरची शेती. ती दुसऱ्याने कितीही वर्षे कसली तरी कसणाऱ्यास मौरूसी हक्क लाभत नसे. त्यामुळे चांगली जमीन सीरमध्ये नोंदली जाणे हे मालगुजाराच्या दृष्टीने सोन्याहून मोलाचे होते, आणि कुळाच्या दृष्टीने तेच शिवारातले सर्वांत धोक्याचे अक्षर.

याच्याशी ‘लाखाबाटा’ ही छत्तीसगडी चाल ताडून पाहण्यासारखी आहे. काही काळाने गावची शेते पुन्हा वाटली जात. कन्हार, मटासी, डोरसा, भाठा अशा प्रत्येक जातीच्या मातीचा वाटा प्रत्येकाला मिळावा हा तिचा हेतू. तिला आदर्श समता मानण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण वाटणीत ग्रामप्रमुखाचा शब्द चाले. तरीही शेत कायमचे एकाचे असते ही कल्पना तिथे स्वयंसिद्ध नव्हती. कुळाला विशिष्ट शेतावर कायम हक्क देणाऱ्या कायद्याने त्याचे रक्षण केले आणि त्याच वेळी ही चाल मोडीत काढली.

१९५० च्या निर्मूलन कायद्याने गावावरचे मालकी हक्क, जंगल, तलाव, पडीक शासनाकडे आले. घरची शेती मात्र माजी मालगुजाराकडे ‘मालिक मकबुजा’ म्हणून राहिली. गाव गेले, सीर राहिली. त्यापाठोपाठ कारखान्यासारख्या कामासाठी भूसंपादन आले की ज्याचे नाव दप्तरात, त्याचा मोबदला. सीरवर राबणारा शिकमी कसणारा किंवा पिकाच्या वाट्यावर राहिलेला सौंजिया त्या रकान्यात बसत नसे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मालगुजारी मुलूख दुभंगला. नागपूर, भंडारा, चांदा मुंबई राज्यात गेले आणि १९५८ च्या विदर्भ कूळकायद्याखाली आले; दुर्ग मध्य प्रदेशात राहिले. पूर्व विदर्भात मालगुजारी आता ‘मामा तलावा’च्या रूपाने बोलण्यात आहे. ‘माजी मालगुजारी’ची आद्याक्षरे जुळून मायेचे नाते तयार झाले आहे, आणि तलाव खोदणाऱ्या कोहळी शेतकऱ्यांचे नाव त्यात नाही.

दुर्गमध्ये १९५९ च्या महसूल संहितेने धारकास ‘भूमिस्वामी’ हे भारदस्त नाव दिले. तिच्या कलम १६८ नुसार त्याला तीन वर्षांत एका वर्षापेक्षा अधिक काळ जमीन पट्ट्याने देता येत नाही. विधवा, अज्ञान व्यक्ती आदींचा अपवाद आहे. नियम मोडून दिलेल्या जमिनीवर कसणाऱ्याचा हक्क उभा राहू शकतो. म्हणून व्यवहार तोंडी होतात. अर्ध्या पिकाच्या बोलीला छत्तीसगडीत ‘अधिया’ म्हणतात आणि ठरीव खंडाला ‘रेगहा’; मराठीत त्यांना ‘अर्धेली’ आणि ‘मक्ता’ हे शब्द चालतील. दप्तरात यांपैकी एकही शब्द सहसा उमटत नाही.