छातीत धडधड, श्वास पुरत नाही आणि ईसीजी मात्र ठीक

"जीव घाबरा होते", "छातीत धकधक होते", "श्वास पुरत नाही" या तक्रारी आपल्या वस्त्यांमध्ये घरोघरी ऐकू येतात. त्यात बाया जास्त. गटाचा हप्ता उद्यावर आलेला असतो, हंगाम सरल्यावर मजुरीही मिळत नाही, पुण्याला कामाला गेलेल्या पोराचा फोन लागत नाही. रात्री अकराच्या सुमारास अचानक काळीज जोरात उडू लागते, घाम फुटतो, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, आता आपण मरतो असे वाटते. घरचे ऑटो करून दवाखान्यात नेतात. तिथे पोचेपर्यंत निम्मे ओसरलेले असते. ईसीजी निघतो, डॉक्टर म्हणतात, "काही नाही, टेन्शन आहे." एक सलाईन लागते. घरी आल्यावर कोणीतरी बोलतेच, "काहीच नव्हतं तर एवढे पैसे कशाला घातले?"

हे "काही नाही" चुकीचे आहे. हृदयाला आजार नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या बाईने जे भोगले ते खरोखर शरीरात घडलेले असते, ते नाटक नव्हे.

धुऱ्यावर साप दिसला की आपण विचार करण्याआधीच मागे उडी मारतो. त्या क्षणी मूत्रपिंडावर बसलेल्या छोट्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात. हृदय मिनिटाला ७०-८० ऐवजी ११०-१२० ठोके देते, श्वास जलद होतो, पळण्यासाठी शरीर तयार होते. साप गेला की सगळे शांत होते. कर्जाची, आजारपणाची, पोराची काळजी मात्र जात नाही. शरीराला सापातला आणि हप्त्यातला फरक कळत नाही, ते तशीच घंटा वाजवते. कधी कधी तर शांत बसलेले असताना किंवा झोपेतसुद्धा.

पुढची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. श्वास अपुरा वाटला की माणूस जोरजोरात हवा ओढतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड वायू प्रमाणाबाहेर कमी होतो. मग चक्कर येते, मुंग्या येतात, कधी बोटे वाकडी होतात, छाती आवळल्यासारखी होते. म्हणजे श्वास कमी पडत नसतो, तो जास्त होत असतो. हे होताना माणूस आणखी घाबरतो, आणि घाबरला की आणखी धडधडते. असा झटका बहुतेक वेळा दहा मिनिटांत टोकाला जातो आणि अर्ध्या तासाच्या आत उतरू लागतो.

हा कमजोर मनाचा आजार आहे असे कोणी म्हणाले तर त्याला अमेरिकेच्या यादवी युद्धाची गोष्ट सांगावी. डा कोस्टा नावाच्या डॉक्टरने त्या युद्धातले शेकडो सैनिक तपासले. धडधड, धाप, छातीत दुखणे अशा त्यांच्या तक्रारी होत्या, पण बहुतेकांच्या हृदयात दोष सापडत नव्हता. १८७१ साली त्याने त्यावर लिहिले, आणि पुढे त्या त्रासाला 'सैनिकाचे हृदय' असे नावच पडले. बंदूक धरणाऱ्यांना जे झाले ते आपल्या घरातल्या माणसाला झाले तर लाज कसली? करणी, बाहेरची बाधा म्हणून भगताकडे किंवा सैलानीला नेणारेही आहेत. आधीच मरणाची भीती वाटणाऱ्याला वरून भुताची भीती घालून काय साधते?

झटका आला की बसावे, पाय जमिनीला टेकवावेत, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत. नाकाने हळू श्वास घेत मनात चार मोजावे आणि तोंडाने फुंकर घातल्यासारखा सोडत सहा मोजावे. जोर सोडण्यावर द्यावा, घेण्यावर नाही. असे पाच-सात मिनिटे. आनापानाची सवय असणाऱ्यांना हे सोपे जाईल. पण काहींना श्वासाकडे लक्ष दिले की जास्तच घाबरल्यासारखे होते. त्यांनी समोरच्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत किंवा कोणाचा तरी हात धरून हळू चालावे. तोंडावर पिशवी धरू नये. दमा किंवा हृदयविकार असेल तर ते धोक्याचे आहे.

मात्र पहिल्याच वेळी "टेन्शन असेल" असे घरात ठरवू नका. छातीत दाब किंवा जडपणा असेल, दुखणे डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जात असेल, शुद्ध हरपली असेल, काम करताना किंवा चढ चढताना त्रास वाढत असेल, तर थेट १०८ ला फोन करा. बायांमध्ये हार्ट अटॅक नुसती धाप, मळमळ आणि थकवा घेऊनही येतो, आणि त्यांचेच दुखणे घरात सर्वात उशिरा ऐकले जाते. चाळिशी ओलांडलेल्या, साखर, बीपी किंवा तंबाखू असलेल्या माणसाने तर थांबूच नये. कपाशीवर फवारणी करून आल्यावर धाप, घाम, लाळ, अंधुक दिसणे असे झाले तर ती विषबाधा समजा.

आणखी एक कारण आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. अंगात रक्त कमी असले तरी जिना चढताना धडधडते. विदर्भात आदिवासींप्रमाणे आपल्या समाजातही सिकलसेल आढळतो. १ जुलै २०२३ पासून देशात त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू आहे. म्हणून हिमोग्लोबिन, सिकलसेल, थायरॉइड आणि ईसीजी एकदा करून घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. दर झटक्याला खाजगीत सलाईन लावण्याची गरज नाही, त्या बाटलीत भीतीचे औषध नसते.

तपासण्या ठीक आल्या आणि झटके येतच राहिले, तर मानसोपचार तज्ज्ञाला दाखवावे. समुपदेशनाने पुष्कळ फरक पडतो. गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मध्येच बंद करू नयेत. मेडिकलवरून स्वतःच्या मनाने झोपेची गोळी आणणे मात्र वाईट, तिची सवय लागते. दिवसाचे सहा-सात कप चहा, खर्रा, गुटखा यांनीही धडधड वाढते.

दवाखाना लांब पडत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चालू आहे, दिवसरात्र, मोफत, मराठीतून बोलता येते. जगणे नकोसे वाटते असे कोणी बोलले तर त्याच वेळी हा फोन लावा आणि त्या माणसाला एकटे सोडू नका.

घरच्यांनी झटक्याच्या वेळी गर्दी करू नये, "काही झालं नाही तुला" असे ओरडू नये. एकाने जवळ बसावे आणि हळू आवाजात म्हणावे, "मी आहे इथं. तपासलंय आपण. उतरंल आता."