कासवाचे वजन का करतात?



शाळेत आपली उंची आणि वजन घेतात ना? तसे कासवाचेही घेतात. मी हे आजीला सांगितले, तर ती हसली. म्हणाली, "कासवाला काय हुतंय? दगूड त्यो!"

पण कासव दगड नाही. त्याचे कवच हाडांचे असते. पाठीचा कणा आणि बरगड्या कवचाला आतून जोडलेल्या असतात. म्हणून कासवाला कवच सोडून बाहेर येता येत नाही.

भूमध्य समुद्राच्या भोवती ग्रीस, तुर्कस्तान, मोरोक्को असे देश आहेत. तिथे जमिनीवर राहणारी कासवे आहेत. ती गवत, पाने, फुले खातात. थंडी पडली की मातीत शिरून झोपतात. याला शीतनिद्रा म्हणतात. तेव्हा ती काही खात नाहीत. अंगातल्या चरबीवर आणि पाण्यावर जगतात.

पूर्वी ही कासवे पकडून इंग्लंडला विकायला नेत. तिकडची मुले ती बागेत पाळत. पण तिकडे उन्हाळा छोटा आणि थंडी लांब. पुष्कळ कासवे झोपली ती उठलीच नाहीत. बाहेरून तर चांगली दिसत होती. मग मेली कशी?

बघा, बैल वाळला की त्याच्या बरगड्या दिसतात. कासव वाळले तरी कवच आकसत नाही. म्हणून नुसते बघून कळत नाही.

ऑलिफंट जॅक्सन नावाचे प्राण्यांचे डॉक्टर इंग्लंडमध्ये होते. त्यांनी पुष्कळ कासवांची लांबी मोजली आणि वजन केले. किती लांबीच्या निरोगी कासवाचे वजन किती भरते, याचा आलेख काढला. १९८० साली त्यांनी ही माहिती प्रसिद्ध केली. लांबीच्या मानाने वजन कमी भरले, तर कासव आजारी असू शकते. मग त्याला झोपू द्यायचे नाही. उबेत ठेवायचे, खायला द्यायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे.

लांबी मोजताना टेप पाठीवरून वळवायची नाही. कासवाच्या पुढे एक आणि मागे एक ठोकळा उभा करायचा. मधले अंतर सरळ मोजायचे.

पण नुसत्या वजनावरही जाऊ नये. पोटात अंडी असली किंवा पाणी साठले, तर आजारी कासवाचेही वजन जास्त भरते. काही जातींचे अंग लांबट असते, त्यांना हा आलेख लागू पडत नाही. म्हणून डॉक्टर डोळे, नाक आणि तोंडही तपासतात.

१९८४ पासून इंग्लंडमध्ये आणि युरोपातल्या इतर अनेक देशांत ही रानातली कासवे विकायला आणणे बंद झाले. हे फार चांगले झाले.

मी हे सगळे आजीला वाचून दाखवले. या वेळी ती हसली नाही. म्हणाली, "मुकं जनावर. दुखलं तर सांगणार कुणाला?"

म्हणूनच त्याचे वजन करतात.

— इयत्ता ४ थी