विज्ञान कादंबरीचे चित्रपटीय रूपांतर : अचूकता आणि विस्मय

विज्ञान कादंबरीवर चित्रपट काढताना एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. शास्त्रीय अचूकता सांभाळावी, की प्रेक्षकाला थक्क करावे? प्रश्नाची ही मांडणीच दिशाभूल करणारी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उत्तम विज्ञान कादंबरीत विस्मय बहुधा अचूकतेतूनच जन्मतो. खरी अडचण निराळी आहे, आणि ती भाषेची आहे.

प्रथम ज्यूल व्हर्नचे उदाहरण घेऊ. भा. रा. भागवतांमुळे हा लेखक मराठी वाचकांच्या घरचा झाला आहे. 1865 च्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत त्याने माणसे बसवलेला गोळा 900 फूट लांबीच्या तोफेतून उडवला. त्याने धरलेला वेग सेकंदाला 12 हजार यार्ड, म्हणजे सुमारे 11 किलोमीटर आहे. पृथ्वीची ओढ तोडण्यास जवळपास तेवढाच वेग लागतो. मात्र 900 फुटांत हा वेग गाठायचा, तर प्रवाशांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 22 हजार पट प्रवेग येईल. हा धक्का त्यांना सोसवावा, तर नळी हजारो किलोमीटरांच्या हिशेबात हवी. धक्क्याची कल्पना व्हर्नलाही होती. म्हणून तर त्याने गोळ्याच्या तळाशी पाण्याची गादी योजली! उपाय तोकडा आहे, पण वाचक त्या आकडेमोडीत गुंततो आणि 'हे घडू शकेल' असे त्याला वाटू लागते. कादंबरीतील विस्मयाचे मूळ येथे आहे.

जॉर्ज मेलिएसने 1902 मध्ये या कथेची तोफ उचलली, वेल्सच्या कादंबरीतून चंद्रवासी घेतले आणि आकडेमोड संपूर्ण टाकून दिली. त्याच्या चित्रपटात यान चंद्राच्या कड्यावरून ढकलले, की सरळ पृथ्वीवरील समुद्रात पडते. हा विस्मय जादूगाराचा आहे, विज्ञानाचा नव्हे. त्यास कमी लेखण्याचे कारण नाही. त्याची जात वेगळी आहे, एवढे लक्षात ठेवावे.

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. स्तानिस्लाव लेम या पोलिश लेखकाची 'सोलारिस' ही कादंबरी 1961 मध्ये प्रसिद्ध झाली. आंद्रेई तार्कोव्हस्कीने 1972 मध्ये तिच्यावर चित्रपट केला. सोलारिस हा दोन सूर्यांभोवती फिरणारा ग्रह आहे. यांत्रिकीच्या नियमांनुसार त्याची कक्षा अस्थिर असावयास हवी. निरीक्षणांत मात्र ती स्थिर आढळते. ग्रहाला वेढणारा महासागरच ती सावरून धरतो, असा निष्कर्ष काढण्यावाचून शास्त्रज्ञांना गत्यंतर उरत नाही. गणित बरोबर असूनही ग्रह त्यास जुमानत नाही! येथे अचूकता काढून घेतली, तर विस्मयही उरणार नाही.

यापुढे लेमने अनेक पृष्ठे एका काल्पनिक शास्त्राच्या इतिहासास दिली आहेत. त्यात महासागरातून उसळणाऱ्या आकृत्यांचे वर्गीकरण आहे, परस्परविरोधी पंथ आहेत, विस्मृतीत गेलेले सिद्धान्त आहेत. या पृष्ठांची भाषा पाठ्यपुस्तकाची आहे. मराठीतील 'आहे' आणि 'असते' यांमधील भेद येथे उपयोगी पडतो. 'पाणी थंड आहे' हे विधान समोरच्या पाण्याविषयी आहे. 'बर्फ थंड असतो' हे बर्फाच्या स्वभावाविषयी आहे. विज्ञान प्रायः 'असते'च्या रूपात बोलते. लेमने जे अस्तित्वातच नाही, त्याविषयी 'असते' म्हटले, आणि वाचकाचा विश्वास बसला. कॅमेऱ्यापाशी मात्र 'असते' नाही. तो जे दाखवतो, ते सारे 'आहे'. हा महासागर, ही लाट, हा क्षण.

तार्कोव्हस्कीने ही अडचण कशी हाताळली? बहुतांशी तिला बगल देऊन. कादंबरी केल्व्हिनच्या सोलारिस-प्रवासाने सुरू होते. चित्रपट आरंभीचा दीर्घ काळ पृथ्वीवर, वडिलांच्या घरी आणि तळ्याकाठी रमतो. दोन सूर्यांचे कोडे जवळजवळ लोपते आणि अपराधभाव व स्मृती केंद्रस्थानी येतात. लेम या रूपांतरावर नाराज होता. त्याची तक्रार निम्मी तरी रास्त होती, असे म्हणावे लागते.

परंतु एका प्रसंगात दिग्दर्शकाने कादंबरीला तिच्याच मार्गाने गाठले आहे. बर्टन हा वैमानिक चौकशी समितीपुढे साक्ष देतो की, महासागरावर आपण सुमारे 4 मीटर उंचीचे बालक पाहिले. कादंबरीत हा एक दस्तऐवज आहे. चित्रपटात जुन्या चौकशीचे चित्रण पडद्यावर चालते, आणि त्यात बर्टनने टिपलेली फीत दाखवली जाते. फितीत केवळ ढग दिसतात. बालक दिसत नाही. दिग्दर्शकास ते दाखवणे अशक्य नव्हते. त्याने शब्द आणि पुरावा यांतील अंतर दाखवले. समितीचा संशय हा विज्ञानाचा खरा व्यवहार आहे, आणि त्या संशयामुळेच न दिसलेले बालक आपल्या मनात ठाण मांडून बसते.

याच्या जोडीने '2001 : अ स्पेस ओडिसी' पाहावा. आर्थर क्लार्कची कादंबरी आणि स्टॅन्ली कुब्रिकचा चित्रपट एकाच वेळी आकारास आले आणि 1968 मध्येच प्रसिद्ध झाले. म्हणून येथे 'रूपांतर' हा शब्द सैलपणेच वापरावा लागतो. कादंबरीतील यान शनीकडे जाते. चित्रपटातील गुरूकडेच थांबते, कारण शनीची कडी पडद्यावर पटतील अशी साकारेनात. जे अचूक दाखवता येत नाही ते दाखवायचे नाही, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. निर्वात पोकळीत ध्वनी नसतो, हे क्लार्कला वाक्यात सांगता येते. कुब्रिकने यानाबाहेरच्या काही दृश्यांत अंतराळवीराचा श्वासोच्छ्वास तेवढा ऐकवला. तो थांबतो तेव्हा प्रेक्षकाला निःशब्दता ऐकू येते. कॅमेऱ्याला न साधणारे 'असते' येथे ध्वनीने साधले आहे.

स्वाध्याय : आपल्या आवडीच्या एखाद्या मराठी विज्ञानकथेतील एक परिच्छेद निवडा. त्यातील 'आहे' आणि 'असते' या प्रकारची विधाने वेगळी करा. दुसऱ्या प्रकारातील कोणतेही एक विधान, निवेदकाचा आवाज न वापरता, पडद्यावर कसे आणाल, ते सुमारे 150 शब्दांत लिहा.